संकलित कुलवृत्ते आणि वंशशोध : गोंदिया जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांच्या संदर्भात

ज्या धम्माने जन्मावरून ठरणारे श्रेष्ठकनिष्ठत्व मुळातूनच नाकारले, त्याच्या अनुयायांनी पूर्वजांची नावे शोधत बसावे काय, अशी शंका वंशशोधाचा विषय निघाला की हटकून उपस्थित होते. शंका रास्त आहे. तिचे उत्तर दीघनिकायातील अम्बट्ठ सुत्तात मिळते. पोक्खरसाति ब्राह्मणाचा शिष्य अम्बट्ठ शाक्यांना हीन लेखून बोलू लागतो, तेव्हा भगवान बुद्ध त्याला त्याचे गोत्र विचारतात. तो आपण कण्हायन गोत्राचे असल्याचे सांगतो. हे गोत्र ओक्काक राजाच्या दिसा नावाच्या दासीच्या पुत्रापासून निघाले, ही जुनी हकीकत भगवान त्याच्यापुढे ठेवतात आणि आपल्या वृद्ध आचार्यांकडून त्याने ती ऐकली आहे की नाही, हे त्यालाच विचारतात. अम्बट्ठाला अखेर कबुली द्यावी लागते. परंतु त्याच्यासोबतचे तरुण त्याला दासीकुळातला म्हणून हिणवू लागताच भगवान त्यांनाही आवरतात. तो कण्ह पुढे थोर ऋषी झाला, हे सांगून अम्बट्ठाची मानहानी थांबवतात. वंशाची हकीकत गर्वासाठी वापरायची नाही, कोणाला खाली पाहायला लावण्यासाठीही वापरायची नाही. मात्र ती सांगायची तर खरी सांगायची, अशी ही भूमिका आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तिच्या शेवटच्या भागाशी, म्हणजे हकीकतीच्या खरेपणाशी संबंधित आहे.

गोंदिया जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांना हा प्रश्न केवळ जिज्ञासेपोटी पडलेला नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० हा राष्ट्रपतींच्या आदेशाचा दिनांक निर्णायक मानला जातो. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी त्या दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो. आणि तो पुरावा ज्या पूर्वजाच्या नावाचा आहे, त्याच्यापासून अर्जदारापर्यंत येणारी वंशावळही लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश त्या आदेशात झाला, तरी पुरावा धर्मांतरापूर्वीच्या ‘महार’ या नोंदीचाच मागितला जातो. जे नाव १९५६ साली टाकून दिले, तेच जुन्या कागदांत शोधत फिरावे लागते, हा विरोधाभास आपल्या परिचयाचा आहे. वंशावळीतील एक नाव नोंदीशी जुळले नाही तर मुलामुलींचे प्रवेश आणि नोकऱ्या अडतात. दुसरीकडे, ज्यांचा इतिहास इतरांनीच लिहिला अशा समाजाला आपल्या घरांचा इतिहास स्वतः लिहिण्याची आवश्यकता आहेच. या दोन्ही कामांचा आरंभ बहुधा एकाच ठिकाणाहून होतो : घरात कोणीतरी आधीच गोळा करून लिहून ठेवलेल्या हकीकतीपासून. तिलाच आपण येथे संकलित कुलवृत्त म्हणू.

महाराष्ट्रात कुलवृत्तांत हा शब्द उच्चारला की चित्पावन घराण्यांचे जाडजूड ग्रंथ आठवतात. विसाव्या शतकात अशी अनेक कुलवृत्ते छापली गेली. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषीने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सामाजिक इतिहासाची साधने म्हणून त्यांचा विचार केला आहे. गोंदिया-बालाघाट पट्ट्यातील पोवार समाजात भाटांच्या पोथ्यांची परंपरा आहे. गोंडांची वंशकथा परधान गात आले. पूर्वास्पृश्यांच्या घरी ग्रंथ नव्हता आणि लेखणी तर दुसऱ्याच्याच हाती होती. म्हणून आपल्याकडील कुलवृत्त निराळ्या रूपांत आढळते. निवृत्त शिक्षकाने किंवा रेल्वेतील कर्मचाऱ्याने लिहिलेली दोनशे पानी वही, पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाटलेली छोटी स्मरणिका, विहाराच्या वर्धापनदिनाच्या अंकातील ‘आमचे घराणे’ असा लेख, शपथपत्राला जोडलेली टंकलिखित वंशावळ आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून नातेवाइकांत फिरणारा तक्ता. यांतल्या कशालाही ग्रंथाची प्रतिष्ठा नाही. पण त्यांत असलेली माहिती अन्यत्र कुठेही मिळणार नाही. ती सांगणारी माणसे आता हयात नाहीत.

अशी वही हाती आल्यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया पाहायला मिळतात. काही जण ती जशीच्या तशी उतरवून घेतात. आजोबांनी लिहिले ते खोटे कसे असेल, असा त्यांचा भाव असतो. काही सुशिक्षित मंडळी ‘ऐकीव गोष्टी’ म्हणून ती बाजूला सारतात. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगरी सांगितलेले चार महापदेस या दोहोंहून निराळी वाट दाखवतात. कोणी भिक्खू म्हणेल की हे मी साक्षात भगवंतांच्या तोंडून ऐकले. कोणी म्हणेल की अमुक संघाकडून, अमुक स्थविरांकडून अथवा अमुक एका स्थविराकडून ऐकले. अशा वेळी त्या वचनाचे अभिनंदन करू नये आणि त्याचा धिक्कारही करू नये. ते नीट समजून घेऊन सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे, जुळले तर स्वीकारावे, न जुळले तर सोडून द्यावे. कालाम सुत्तही परंपरेने आले एवढ्याच कारणाने एखादी गोष्ट मानू नये, असे सांगते. परंतु ताडून पाहण्याची प्रत्यक्ष रीत महापदेसांत अधिक स्पष्ट आहे. धम्माच्या अभ्यासकाने बुद्धवचनाला जी कसोटी लावायची, ती घरातील वहीला लावायला संकोच कशाचा?

ही कसोटी संपूर्ण वहीला एकदम लावता येत नाही, ही बाब आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ती एकेका विधानाला लावावी लागते. याचे उत्तम उदाहरण महावंसात आहे. महावंस हाही एक संकलित वंशग्रंथच. त्याच्या आरंभीच्या भागात सिंहापासून झालेल्या राजकुळाची कथा येते. तिला आज कोणी इतिहास मानणार नाही. परंतु त्याच ग्रंथात, तिसऱ्या संगीतीनंतर मज्झिम थेर हिमवंत प्रदेशात धम्मप्रसारासाठी गेले, असे विधान आहे. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी यांनी सांचीचा दुसरा स्तूप उघडला, तेव्हा आतल्या अस्थिपात्रांवर मज्झिमाचे नाव आढळले. आणि कासपगोत नावाच्या थेराचा उल्लेख ‘सर्व हिमवंताचा आचार्य’ असा मिळाला. दीपवंसात कस्सपगोत्त हे नाव हिमवंताच्या संदर्भात येते. महावंसाच्या मूळ गाथांत पुढारी म्हणून मज्झिमच दिसतो. म्हणजे शिलालेखाने ग्रंथाला दुजोरा दिला आणि त्याच वेळी थोडी दुरुस्तीही केली. सिंहाच्या कथेमुळे सबंध महावंस टाकून दिला असता तर हे हाती लागले नसते, आणि मज्झिमाचे नाव जुळले म्हणून सिंहही खरा ठरत नाही.

महावंस व दीपवंस यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दोन्ही ग्रंथांनी सिंहली भाषेतील जुन्या, आज लुप्त झालेल्या अट्ठकथांचा आधार घेतला. म्हणून एखादी गोष्ट दोन्हींत सापडली तरी दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या असे होत नाही. आपल्या घरांत हेच घडते. थोरल्या काकांच्या वहीवरून धाकट्या काकांनी वंशावळ टंकलिखित केली, तिच्यावरून चुलत भावाने शपथपत्र केले, शपथपत्रावरून स्मरणिका छापली आणि स्मरणिकेचे छायाचित्र साऱ्या नातेवाइकांत फिरले. आता पणजोबांचे नाव पाच ठिकाणी सारखेच मिळते आणि कुटुंबाला वाटते की ते पक्के झाले. वास्तविक साक्षीदार एकच आहे, थोरले काका. त्यांनी ते नाव कोणाकडून ऐकले, एवढाच प्रश्न उरतो, आणि तोच कोणी विचारलेला नसतो.

म्हणून कुलवृत्त वाचण्यापूर्वी संकलकाची चौकशी करावी. वही कोणी लिहिली, कोणत्या वर्षी, त्या वेळी त्याचे वय काय होते, कोणते वृद्ध तेव्हा हयात होते, आणि ती लिहिण्याचे निमित्त काय होते? निमित्ताला फार महत्त्व आहे. जातपडताळणीसाठी केलेल्या वंशावळीत सहसा तेवढ्याच शाखा येतात ज्यांचा पुरावा हाती आहे. निःसंतान वारलेले, गाव सोडून गेलेले, मुलींकडील सारे त्यातून गळतात. ती वंशावळ खोटी नसते, पण पूर्णही नसते. स्मरणिकेत दिवंगत व्यक्तीचे गुण येतात, कर्ज आणि भाऊबंदकी येत नाही. विहाराच्या अंकातील लेखात चळवळीतील सहभाग ठळक होतो. संकलकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले, वडिलांकडून ऐकलेले आणि स्वतः तर्काने जोडलेले असे तीन थर प्रत्येक वहीत असतात. पेन्सिलने समासात खुणा करून ते वेगळे करता येतात. खुणा अर्थात छायाप्रतीवर करायच्या. मूळ वहीत एक अक्षरही दुरुस्त करू नये. चूकसुद्धा पुढे पुरावा ठरते.

यानंतर ताडून पाहण्याचे काम येते, आणि येथे गोंदिया जिल्ह्याची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदांत जिल्हा भंडारा असाच असणार. १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरमध्ये भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली आहेत. समजा, अर्जुनी मोरगाव भागातील एका कुटुंबाच्या वहीत ‘पणजोबा साकोली तहसिलीचे’ असे लिहिले आहे. आजचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून वाचणारा नातू समजतो की पणजोबा साकोलीकडून स्थलांतरित झाले, आणि आपल्या तक्त्यात तसे स्थलांतर लिहून टाकतो. प्रत्यक्षात तो भागच तेव्हा साकोली तहसिलीत होता. पणजोबा आपल्या गावातून कुठेही हलले नसतील. बालाघाटचेही तसेच. तो जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढून बनवला गेला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरची. म्हणजे नागपूरच्या त्या सोहळ्याच्या दिवशी नागपूर, भंडारा आणि बालाघाट हे एकाच राज्यात, जुन्या मध्य प्रदेशात होते. ‘आजोबा परराज्यातून आले’ या विधानाचा अर्थ त्यामुळे वर्षावर अवलंबून असतो, आणि जातीच्या दाखल्यात स्थलांतराचे वर्षच कळीचे ठरू शकते. सीमेपलीकडील कागदांत जातीचे नाव महार, मेहरा, मेहर असे निरनिराळे येते, हेही शोधकाने लक्षात ठेवावे.

ताडून पाहण्यासाठी सर्वांत जवळचा कागद म्हणजे कोतवाल बुक. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर देत असे आणि त्यासाठीची वही त्याच्याजवळ असे. नागपूर प्रदेशातील अनेक गावांत हा कोतवाल महारच होता. वही त्याने बाळगायची, पण तीत लिहायचे दुसऱ्या साक्षर माणसाने, अशी ही व्यवस्था. आपल्या पूर्वजांच्या जन्माची वार्ता आपल्याच पूर्वजाने पायी ठाण्यावर नेली आणि तिची अक्षरे मात्र परक्या हातची आहेत. या नोंदी वाचताना अपेक्षा मर्यादित ठेवाव्या लागतात. जन्मलेल्या मुलाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते. अमुक महारास मुलगा झाला, एवढेच असते. आडनाव तर क्वचितच. आईचे नाव नसते. त्यामुळे कोतवाल बुकातील नोंद एकटी काहीच सिद्ध करत नाही आणि घरातील वही एकटी काही सिद्ध करत नाही. वहीत ‘आजोबा तीन भावांत मधले, दुष्काळानंतर दोन वर्षांनी जन्मलेले’ असे असेल आणि बुकात त्याच पित्याच्या नावे तीन मुलांचे जन्म सापडत असतील, तर मधली नोंद कोणाची हे वही सांगते आणि तिचा दिनांक बुक सांगते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ व १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ या खुणा वृद्धांच्या बोलण्यात वारंवार येत असत. त्यांचे वर्ष आपल्याला ठाऊक असल्याने त्या फार उपयोगी पडतात.

नावांबाबत सावधगिरी हवी. बुधा, मंगरू, सोमा, सुकरू अशी वारांवरून पडलेली नावे एकाच गावात एकाच पिढीत चार-चार सापडतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे संकलक दोन व्यक्तींची एक करतो आणि एक पिढी गळते. किंवा एकाच माणसाचे पाळण्यातले नाव व हाकेचे नाव वेगळे असल्याने एकाचे दोन होतात. पिढ्यांचा हिशेब करून पाहिल्यास अशी गल्लत उघड होते. एका पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षे धरली तर सात पिढ्यांना पावणेदोनशे ते दोनशे दहा वर्षे होतात. सात नावांची माळ लावून पहिल्या पुरुषाचा काळ चारशे वर्षांपूर्वीचा सांगितला असेल, तर मधली नावे विसरली गेली आहेत किंवा काळ वाढवून सांगितला आहे.

आडनावाचा मोह तर फारच मोठा. आडनाव एक म्हणजे कुळ एक, असे समजून दूरच्या गावातील सारी कुटुंबे एका तक्त्यात जोडणारी कुलवृत्ते आम्ही पाहिली आहेत. विदर्भात मेश्राम हे आडनाव बौद्धांत सर्वत्र आहे आणि आदिवासींतही आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेशी निगडित असलेले गोंडांचे मेस्राम कुळ प्रसिद्धच आहे. रामटेके, नागपुरे यांसारखी आडनावे गावावरून पडलेली दिसतात. एका गावातून निघालेली दोन असंबंधित घरे परगावी गेल्यावर सारखेच आडनाव धारण करू शकतात. जुन्या नोंदींत आडनाव मुळातच नसेल, तर ते केव्हा आणि कसे आले हा स्वतंत्र शोधाचा विषय होतो. बहुधा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा त्याचा पहिला पुरावा असतो.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आडनावाचा दाखला लक्षणीय आहे. मूळ आडनाव सकपाळ, आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि पुढे शिक्षकांच्या आडनावावरून आंबेडकर, ही हकीकत धनंजय कीरांच्या १९५४ सालच्या इंग्रजी चरित्रापासून सर्वत्र परिचित झाली. साताऱ्याच्या शासकीय हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी प्रवेशाची नोंद आहे. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टर त्या नोंदीतील नाव कोणते हे सांगते. ते तसे का झाले, हे सांगत नाही. चरित्र कारण सांगते, परंतु ते अर्ध्या शतकानंतर लिहिलेले आहे. दोन्ही साधने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. एवढ्या सुप्रसिद्ध महापुरुषाच्या बाबतीत ही काळजी घ्यावी लागते, तर आपल्या घरच्या आडनावाबद्दल तर्काने काही लिहिण्यापूर्वी थांबावे, हे ओघानेच आले.

कुलवृत्तांच्या पहिल्या पानांविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. तेथे बहुधा घराण्याचा उगम असतो, आणि तो बहुधा कोठून तरी घेतलेला असतो. काहींनी रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या चार खंडी ग्रंथातून माहिती घेतली आहे. तो ग्रंथ मध्य प्रांतापुरता अपरिहार्य असला, तरी त्यातील जातींच्या उत्पत्तिकथा इंग्रज अधिकारी आणि त्यांचे माहितगार यांच्या नजरेतून आल्या आहेत. त्या आपल्या घराण्याच्या इतिहासात उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याने दिलेले हीनत्व स्वहस्ताक्षरात लिहिणे होय. उलट बाजूस, काहींनी बेदरच्या राजाकडून मिळालेल्या बावन्न हक्कांची कथा घेतली आहे. ती दख्खनकडील वतनी व्यवस्थेत रुजलेली परंपरा. भंडारा भागातील मालगुजारी व्यवस्था निराळी होती. कोणी पूर्वज कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईत होता, असे लिहिले असेल तर त्या स्तंभावर नावे कोरलेली आहेत, ती पाहावीत. त्या काळी भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि त्यांची इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली, हाही संदर्भ लक्षात घ्यावा. नागवंशाचा उल्लेख तर पुष्कळ वह्यांत आढळतो. बाबासाहेबांनी दीक्षेच्या प्रसंगी नागलोकांचे स्मरण करून दिले, हे खरे. पण अस्पृश्यांच्या मूळ शोधाविषयीच्या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, जेथे दुवे तुटलेले आहेत तेथे आपण अनुमानाने ते जोडत आहोत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. समाजाच्या प्राचीन इतिहासाविषयीचा तो सिद्धान्त आहे. त्याच्या आधारे अमुक घराण्याचा मूळ पुरुष अमुक नाग राजा, असे लिहिणे बाबासाहेबांच्या पद्धतीला सोडून आहे.

नाजूक विषय आणखी एक. जवळजवळ प्रत्येक कुलवृत्तात ‘आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत दीक्षा घेतली’ असे वाक्य असते. असंख्य कुटुंबांच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु त्यानंतर गावोगावीही दीक्षा समारंभ झाले, आणि तेथे दीक्षा घेतलेल्यांची संख्याही मोठी आहे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७.९ लाख बौद्धांची नोंद झाली. पाच वर्षांत हे परिवर्तन गावागावांतून घडले. आपल्या गावच्या विहारासमोर अथवा चावडीजवळ, मालगुजाराच्या वाड्याच्या दृष्टीसमोर दीक्षा घेणे हे कमी धैर्याचे नव्हते. गावच्या समारंभाची हकीकत ‘नागपूर’ या शब्दाखाली झाकली गेली तर गावाचा इतिहास नाहीसा होतो. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उमेदवार होते. त्या काळच्या भेटीगाठींच्या आठवणीही पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्यासाठी ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासूनचे ‘प्रबुद्ध भारत’ यांचे अंक, तसेच घरातील दीक्षेची प्रमाणपत्रे, पावत्या आणि छायाचित्रे पाहावीत. आठवण तपासणे म्हणजे आजोबांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

संकलित वंशावळीत सर्वाधिक अन्याय झाला आहे तो स्त्रियांवर. मुलीचे नाव लग्नानंतर तक्त्यातून जाते आणि सून केवळ अमक्याची पत्नी म्हणून येते. जुन्या काळी आपल्या समाजात पाटाची रीत होती. विधवेने दुसरा संसार मांडल्यावर पहिल्या पतीची मुले दुसऱ्या घरी वाढत आणि पुष्कळदा त्याच घराचे नाव लावत. पुढे प्रतिष्ठेच्या नव्या कल्पना आल्या आणि संकलकांनी हा सारा भाग गाळला. परिणामी कागदांतील पित्याचे नाव आणि वंशावळीतील नाव जुळेनासे होते आणि कुटुंब गोंधळात पडते. घरजावयाच्या बाबतीतही मुले आईच्या गावी नोंदलेली असतात. ज्या समाजाने विधवेला पुन्हा उभे राहण्याचा मार्ग खुला ठेवला, त्याने त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. येथे वहीपेक्षा वृद्ध स्त्रियांची आठवण अधिक भरवशाची ठरते. लग्नात कोणत्या गावची वरात आली, बाळंतपण कोणाच्या घरी झाले, हे त्यांना पाठ असते. आईकडच्या तीन पिढ्यांची नावे आणि गावे लिहून काढली की अनेक तुटलेले दुवे सापडतात.

गाव सोडून गेलेल्यांचा माग आगगाडीच्या मार्गाने काढता येतो. बंगाल-नागपूर रेल्वे आणि गोंदियाहून जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग यांमुळे माणसे नागपूरच्या एम्प्रेस मिलपासून राजनांदगावच्या गिरणीपर्यंत, बालाघाट व तुमसरकडील मॅंगनीजच्या खाणींत आणि पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यात पोहोचली. वहीत ‘खदानीवर गेला, परत आला नाही’ एवढेच वाक्य असेल, तर त्या शाखेचे वंशज आज त्या गावी असण्याचा संभव आहे, आणि त्यांच्याकडेही एखादी वही असू शकते. ती आपल्या वहीवरून उतरवलेली नसेल तर तीच खरी दुसरी साक्ष होय.

कागदांकडे वळायचे तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची नक्कल, जुन्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जमीन असल्यास अधिकार अभिलेख आणि बंदोबस्ताची मिसल, एवढ्यापासून सुरुवात करावी. जुनी दप्तरे १९९९ पूर्वीची असल्याने भंडाऱ्यालाही खेप घालावी लागते. नागपूरच्या अभिलेखागारातही जुन्या मध्य प्रांताचे कागद आहेत. जनगणनेतील घरोघरच्या याद्या जतन झालेल्या नाहीत, तेथे शोधण्यात वेळ दवडू नये. काही नोंदी मोडीत असतात. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी जुने अभिलेख तपासण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे, हे साऱ्या राज्याला दिसले. आपल्या विहारांतून दोन-चार तरुणांनी मोडी शिकून घेतली तर एका पंचक्रोशीचे काम होईल.

मिळालेली प्रत्येक गोष्ट लिहिताना तिच्यापुढे ती कोठून आली हे लिहावे : वहीचे पान, सांगणाऱ्याचे नाते आणि सांगितल्याचा दिनांक, नकलेचे वर्ष व गाव. वही आणि नोंद यांत विरोध आढळला तर दोन्ही लिहाव्यात. एक खोडून दुसरे लिहू नये. हयात व्यक्तींविषयीचा, विशेषतः विवाह आणि वारसा यांविषयीचा मजकूर त्यांच्या संमतीशिवाय छापू नये. शपथपत्रासाठी वंशावळ करताना केवळ कागदाने दाखवता येणारे दुवेच घ्यावेत आणि केवळ स्मरणावर आधारलेले दुवे कुटुंबाच्या स्वतंत्र वहीत ठेवावेत. दोहोंची सरमिसळ झाली की कार्यालयात अडचण येते आणि इतिहासातही. मूळ वहीची एक छायाप्रत विहाराच्या ग्रंथालयात ठेवावी आणि तिच्यावर संकलकाचे नाव व लेखनाचे वर्ष आठवणीने घालावे. पुष्कळ वह्यांवर नेमके तेच नसते.